तबकडीचा भाव आणि परिग्रहाचा प्रश्न

जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या संग्रहाचे मोल ठरवताना जाणकार तबकडी उजेडात तिरकी धरून चरे पाहतात, लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला साच्याचा क्रमांक वाचतात, वेष्टन तपासतात आणि तशा किती प्रती उरल्या असाव्यात याचा अदमास घेतात. या साऱ्या कसोट्या वस्तूच्या आहेत. गाण्याचा कस त्यांत लागत नाही. म्हणूनच घरोघरी खपलेल्या चित्रपटगीतांची एलपी सहसा स्वस्तात मिळते आणि जिच्या इतर प्रती फुटल्या वा भंगारात गेल्या ती मुद्रिका महाग होते. हा चढा भाव गुणांपेक्षा नाशाचाच हिशेब अधिक सांगतो.

मग मोल नेमके कशाचे, या प्रश्नावर दर्शनशास्त्रातील एक जुना वाद प्रकाश टाकतो. नैयायिकांच्या मते शब्द उत्पन्न होतो आणि नाश पावतो. मीमांसक मात्र शब्द नित्य मानतात आणि ध्वनीने त्याची केवळ अभिव्यक्ती होते, म्हणजे मुळात असलेलेच प्रकट होते, असे सांगतात. 1902 साली गायिका गौहरजानने कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीसाठी जे गायले, ते गायन म्हणून त्याच क्षणी संपले. परंतु तबकडीच्या खाचेत उतरल्यावर ते पुनःपुन्हा प्रकट होऊ लागले. अडचण एवढीच की प्रकट करणारे साधन नित्य नाही. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकडीची खाच पोलादी सुईखाली प्रत्येक वादनागणिक झिजते, आणि त्यामुळे कधीच न वाजलेल्या प्रतीला बाजारात सर्वाधिक मान मिळतो.

येथे परिग्रहाचा, म्हणजे संचयाचा, नैतिक प्रश्न उभा राहतो. जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या मूर्च्छा, म्हणजे वस्तूविषयीची आसक्ती, अशी केली असल्याने केवळ जवळ बाळगणे दोषास्पद ठरत नाही. शिवाय खासगी संग्राहकांनी जपले नसते तर कित्येक जुने गायन आज कानी पडलेच नसते. तेव्हा दोष संग्रहात नसून अडवणुकीत शोधावा लागतो. स्वर उतरवून घेऊन इतरांना खुला केल्यानंतर तबकडीची जी किंमत उरते ती निव्वळ वस्तूची असते, आणि तिच्यावर खुशाल घासाघीस व्हावी. मात्र एकमेव प्रत कुलपात ठेवून वाढवलेल्या भावात इतरांना न मिळालेल्या श्रवणाचा वाटा असतो, आणि तेवढ्यावर मालकाचा नैतिक हक्क पोहोचत नाही.