आनंद आज्ञेने येतो का?



सर्वकाळ प्रभूमध्ये आनंदित असावे, अशी आज्ञा संत पौलाने फिलिप्पैकरांना केली आणि तीही तुरुंगातून. रविवारी मिस्सामध्ये हे वचन आपण ऐकतो. सोमवारी मात्र शेत, बाजार आणि कंपनी समोर असते. पाऊस दडी मारतो, कपाशी हाती लागत नाही, कधी कांद्याला काढणीच्या मजुरीइतकाही भाव मिळत नाही. वाळूजला कंत्राटी कामावर जाणाऱ्या तरुणाला पुढच्या महिन्याची खात्री नसते. अशा घरात जाऊन आम्ही 'आनंद करा' असे सांगावे काय? रडणाऱ्या लेकराला हसण्याचा हुकूम देऊन ते हसत नाही. मग जो खिन्न आहे, त्याचा विश्वास उणा आहे असे समजायचे काय?

तेराव्या शतकातील ख्रिस्तसभेचे थोर तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस यांनी या प्रश्नाची चांगली उकल केली आहे. त्यांच्या मते आनंद हा स्वतंत्र सद्गुण नाही, तर तो प्रीतीचे फळ आहे. हा भेद लहान दिसतो. पण त्याने सारा प्रश्न बदलतो. फळ ओढून वाढत नाही. झाडाला पाणी घालायचे असते. म्हणून 'आनंद करा' या आज्ञेचा आपल्यापुरता अर्थ 'प्रीती करीत राहा' असा होतो. प्रीती करणे आपल्या हातात आहे, आनंद आपल्या हातात नाही.

सुख आणि आनंद यांतील फरकही येथे कळतो. काहीतरी मिळाले की सुख होते आणि त्याची नवलाई संपली की तेही ओसरते. पण आजारी लेकराच्या उशाशी रात्रभर जागणारी आई पाहा. तिला सुख नाही. तरीही ती जागा ती कोणालाही देणार नाही. तिच्या जागरणात जे काही आहे, ते सुखापेक्षा खोल आहे.

हे स्वतः अनुभवलेले एक संत म्हणजे संत फ्रान्सिस डी सेल्स (१५६७–१६२२). त्यांचा आपल्या भागाशी जवळचा संबंध आहे. त्यांच्या नावाने १८३८ मध्ये फ्रान्समधील आनसी येथे स्थापन झालेल्या संस्थेच्या मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोगरगाव परिसरात श्रद्धेचे बी पेरले. सौम्य आणि प्रसन्न संत म्हणून त्यांची ख्याती आहे. पण १५८६-८७ च्या हिवाळ्यात, पॅरिसमध्ये शिकत असताना, एकोणीस वर्षांच्या फ्रान्सिसला घोर निराशेने ग्रासले. देवाने आपल्याला कायमचे टाकले आहे, असे त्याला वाटू लागले. अन्न जाईना, झोप येईना. असे अनेक आठवडे गेले. शेवटी पवित्र मरियेच्या मूर्तीपुढे त्याने ठरविले, की पुढे आपले काहीही होवो, या जन्मी तरी आपण देवावर प्रीती करू. त्यानंतर मनावरचे ओझे उतरले. आनंदाची मागणी सोडून त्याने प्रीती धरली, तेव्हा आनंद आपल्या पावलांनी आला.

पुढे १६०९ मध्ये या संताने भक्तिमय जीवनावर एक पुस्तक प्रसिद्ध केले, तेही मठातील लोकांसाठी नव्हे, तर संसारी माणसांसाठी. भक्ती ज्याच्या त्याच्या कामाला आणि शक्तीला साजेशी असावी, हे त्यांचे मुख्य सांगणे. त्यांनी शिकविलेल्या काही साध्या गोष्टी आपल्यालाही जमण्यासारख्या आहेत.

सकाळी उठताच दिवस प्रभूला अर्पण करावा. प्रार्थनेतून एखादा विचार सोबत घ्यावा. बागेत फिरणारा माणूस दोन-चार फुले बरोबर नेतो आणि दिवसभर त्यांचा वास घेतो, तसा. निंदणी करताना, मशीनवर उभे असताना, एसटीच्या गर्दीत, क्षणभर मनातल्या मनात देवाजवळ जावे. रात्री, जपमाळेनंतर, दिवसाचा हिशेब पाहावा: आज कोठे प्रीती केली, कोठे चुकलो, कशाबद्दल उपकार मानायचे?

मात्र ही साधना मजुरी नव्हे. इतक्या जपमाळा म्हटल्या म्हणून इतका आनंद, असा हिशेब देवाशी करता येत नाही. कित्येक दिवस मन कोरडेच राहील. विहिरीला पाणी नाही म्हणून शेतकरी बांध घालणे थांबवीत नाही. पाऊस बांधामुळे पडत नाही. पण पडल्यावर पाणी अडते ते बांधामुळेच.

आणि कोणाचे मन फारच खचले असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर त्याला विश्वासाचा उपदेश करीत बसू नये. त्याच्याजवळ बसावे, त्याचे ऐकावे, त्याला डॉक्टरांकडे न्यावे. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत बोलता येते. डॉक्टरांकडे जाणे हा अविश्वास नव्हे.

प्रीती हे झाड असेल, तर त्याची फांदी शेजाऱ्याच्या कुंपणापलीकडे गेलीच पाहिजे. म्हणून या आठवड्यात रोजच्या प्रार्थनेला एक गोष्ट जोडू या. ज्या घरात यंदा पीक गेले किंवा काम सुटले, त्या घरी जाऊन येऊ. 'आनंद करा' हे शब्द तोंडाने न उच्चारता पोचविण्याची हीच रीत आहे.

प्रभू येशू आपल्या सर्व कुटुंबांना आपल्या प्रीतीत स्थिर राखो.