नडगीवरची हातोडी

१९८४च्या जूनमध्ये पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्स या अमेरिकी बास्केटबॉल संघानं सॅम बोवी या सात फूट एक इंच उंचीच्या खेळाडूची निवड केली. त्याच्या पाठोपाठ शिकागोची पाळी होती, त्यांनी मायकेल जॉर्डनला घेतलं. जॉर्डननं शिकागोला सहा विजेतेपदं मिळवून दिली, आणि बोवी पाच हंगामांत पोर्टलंडकडून जेमतेम १३९ सामने खेळला, कारण त्याच्या पायाचं हाड पुन्हा पुन्हा मोडत राहिलं. या निवडपद्धतीला ड्राफ्ट म्हणतात, आणि तो आपल्या आयपीएलसारखा लिलाव नव्हे. तिथं बोली लागत नाही, संघांना पाळी मिळते, आणि साधारणपणे दुबळ्या संघाला आधीची. पाळी आली की एक नाव उच्चारायचं, आणि ते उच्चारताना बाकीची सगळी नावं सोडून द्यायची. त्यामुळे कशाऐवजी काय घेतलं याचा इतका उघडा हिशेब दुसऱ्या कुठल्या व्यवसायात क्वचितच राहत असेल. चाळीस वर्षं हा हिशेब मांडून पोर्टलंडला मूर्ख ठरवलं जातंय. मला प्रश्न पडतो तो असा, की निर्णयाचा दोष त्याच्या फळावरून ठरवण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

आधी दहा वर्षं मागं जाऊ. १९७४ साली याच संघानं पहिल्या क्रमांकावर बिल वॉल्टनला निवडलं. तोही बोवीसारखाच उंचापुरा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा, तोही दुखण्यांचा इतिहास घेऊन आलेला. गुडघे कुरकुरत होतेच, शिवाय कॉलेजच्या शेवटच्या हंगामात पाठीचे मणके मोडले होते. पहिल्या दोन हंगामांत ८२ पैकी अनुक्रमे ३५ आणि ५१ सामनेच तो खेळू शकला. तिसऱ्या हंगामात ६५ सामने खेळला, आणि त्या १९७७ साली पोर्टलंडनं अंतिम मालिकेत पहिले दोन सामने हरूनही फिलाडेल्फियाला ४-२ असं हरवलं. संघाचं आजवरचं एकमेव विजेतेपद ते. पुढच्याच हंगामात वॉल्टनचा पाय मोडला, आणि पोर्टलंडसाठी तो पुन्हा कधीच पूर्वीसारखा उभा राहिला नाही. चार हंगामांत मिळून २०९ सामने. दोन्ही वेळी खेळाडूनिवडीची सूत्रं स्टू इनमन यांच्याच हाती होती, आणि तर्कही मुळात तोच होता: उंच, हुशार सेंटर मिळत असेल तर शरीराची जोखीम पत्करावी. म्हणजे एकाच माणसाचा एकच तर्क, एकदा मिरवणुकीत नाचला आणि एकदा चेष्टेचा विषय झाला. वॉल्टनचा पाय एक वर्ष आधी मोडला असता तर ती निवडही आज ‘घोडचूक’ म्हणून ओळखली गेली असती. यशाकडे मात्र आपण कधी हिशेब मागत नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म घडण्याची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. पाचवं कारण अलंकारापुरतं नाही, हे १९८४च्या ड्राफ्टमध्ये डोळ्यांनी दिसतं. इंडियानाची पाळी जुन्या अदलाबदलीत पोर्टलंडच्या पदरात पडली होती, आणि पहिली पाळी ह्यूस्टनची की पोर्टलंडची हे चक्क नाणं उडवून ठरलं. ह्यूस्टन जिंकलं, त्यांनी हकीम ओलाजुवॉनला घेतलं, आणि पुढं १९९४ व १९९५ साली ते विजेते झाले. नाणं उलटं पडतं तर बोवीचा प्रश्न पोर्टलंडपुढं बहुधा आलाच नसता. लोकमान्यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कर्माचा बरेवाईटपणा बाह्य परिणामावरून नव्हे, तर कर्त्याच्या बुद्धीवरून ठरवावा असा पक्ष घेतला आहे. माझाही पक्ष साधारण तोच. फक्त बुद्धीत मी हेतूबरोबर दक्षताही धरतो. समोर जे कळण्याजोगं होतं ते कळून घेतलं का, एवढाच जाब कर्त्याला विचारता येतो.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, की हे संन्याशाला ठीक. व्यवस्थापकाला पगार फळाचाच मिळतो, आणि फळ मोजायचं नाही म्हटलं तर कुणीच कशाला जबाबदार उरत नाही. आक्षेपात दम आहे. पण एक फळ आणि फळांची रास यांत फरक करायला हवा. इनमन यांच्याच काळात १९८३ साली पुढं नावारूपाला आलेला क्लाइड ड्रेक्सलर चौदाव्या क्रमांकावर मिळाला, ही निवड क्वचितच कुणाला आठवते. आणि दोषाची प्रतवारी करायचीच तर ती दक्षतेवरून होते. १९७२ साली पोर्टलंडनं बॉब मॅकअडूला सोडून पहिल्या क्रमांकावर लारू मार्टिनला घेतलं. मॅकअडू तीन वर्षांत लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, मार्टिन चार हंगामांत संपला. ती निवड मला खरोखर कच्ची वाटते, कारण तिथं घात दुखापतीनं केला नव्हता, पारखच चुकली होती. २००७ साली केव्हिन ड्युरांटऐवजी ग्रेग ओडनला घेतलं ते जवळपास सगळ्यांनीच केलं असतं. ओडनच्या गुडघ्यावर खेळायला सुरुवात होण्याआधीच शस्त्रक्रिया झाली आणि पोर्टलंडकडून तो ८२ सामनेच खेळला. मार्टिन, बोवी, ओडन ही तीन नावं एका दमात घेऊन ‘पोर्टलंडला शापच आहे’ म्हणणारे दोन चुका करतात. तीन वेगळ्या जातीच्या गोष्टी ते एका पोत्यात भरतात, आणि २००७पर्यंत निवड करणारी माणसं बदललेली असूनही संघाला एकच अखंड कर्ता मानून त्याच्या माथी प्रारब्ध मारतात. कर्मसिद्धांतालासुद्धा कर्म करणारा आणि भोगणारा एकच लागतो.

खरा अवघड आक्षेप वेगळाच आहे. बोवीचा पाय आधी मोडलेला होता, केंटकी विद्यापीठातले दोन अख्खे हंगाम त्यानं गमावले होते, हे पोर्टलंडला ठाऊक होतं. मग ही दक्षता कसली? त्यांनी त्याची कसून वैद्यकीय तपासणी केली होती. डॉक्टर छोट्या हातोडीनं त्याच्या डाव्या नडगीवर ठोकत होते, आणि काही जाणवतं का या प्रश्नावर तो नाही म्हणत होता. आत मात्र कळ जात होती. बोवीनं स्वतःच हे २०१२ सालच्या एका माहितीपटात सांगितलं. तेव्हा दक्षता घेतली गेली. जे कळायला हवं होतं ते एका तेवीस वर्षांच्या तरुणानं दातांखाली दाबून ठेवलं.

म्हणजे दोष त्याचा? इथं माझीच कसोटी माझ्यावर उलटते. कर्त्याच्या बुद्धीवरून न्याय करायचा, तर बोवीच्या बुद्धीत असत्य होतं, हे मान्य करावं लागेल. पण त्या असत्यात दुसऱ्याला लुबाडण्याचा डाव मला दिसत नाही. दोन वर्षं खेळापासून तुटलेल्या माणसाला एका ‘दुखतंय’ या शब्दावर सगळी कमाई ओवाळून टाकावी लागली असती. तेवढं खरं बोलायला लावणारी व्यवस्था तिथं नव्हती, आजही फारशी नसावी. त्याच्या खात्यावर तो एक ‘नाही’ जरूर मांडावा. पण त्याच्या नावापुढं ‘चुकीची निवड’ असं जे लिहिलं जातं, त्यात चूक निवडणाऱ्यांवरून हलकेच निवडल्या गेलेल्यावर सरकते, आणि दहा हंगाम मोडक्या हाडांवर ५११ सामने खेळलेला माणूस शिकागोनं निवडलेल्या दुसऱ्या कुणाची तळटीप होऊन बसतो.