प्रतिकृतीचे सत्य

नेरळ–माथेरानच्या गाडीमुळे 1907 पासून महाराष्ट्राच्या परिचयाचे झालेले दोन फुटी रूळ, त्यांवर कारखान्यांतून माल ओढणारे ठेंगणे डिझेल एंजिन, आणि त्याची सव्वासात इंची रुळांवर धावणारी, वर माणूस बसवून नेणारी प्रतिकृती करावयाची असे कोणी मनावर घेतले, तर ज्या ओतकामाच्या बळावर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ऑइल एंजिनांचा व्यवसाय वाढला, त्या ओतकामात तरी त्यास हुन्नराची वाण पडणार नाही. प्रश्न निराळाच आहे: मूळच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाच्या या वस्तूला आपण त्या यंत्राचे नाव देतो, ते कोणत्या अधिकाराने?

लांबी तिसरा हिस्सा झाली की पृष्ठभाग नववा आणि घनफळ सत्ताविसावा हिस्सा उरते. डिझेल तर दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच पेट घेते, आणि सिलिंडर लहान होत जाईल तसतशी ती उष्णता त्याच्या भिंतींत विरून जाऊ लागते. सबब अशा प्रतिकृतीच्या पोटात पुष्कळदा विजेची मोटार व बॅटऱ्याच बसवाव्या लागतात. मग हा नुसता भास म्हणावा काय? व्यवहारात दोरीवर भासलेला सर्प दिवा आणताच नाहीसा होतो. उलट हे मूळचे एंजिन नव्हे असे पुरते कळल्यावरही प्रतिकृती मागचे डबे ओढीतच राहते. ज्ञानाने जिचा बाध होत नाही, तिला मिथ्या म्हणण्यास माझे मन धजत नाही.

देवाच्या प्रतिमेबाबतही आपला व्यवहार असाच आहे. कोल्हापूरच्या अंबाबाईची पाषाणमूर्ती गाभारा सोडीत नाही. आश्विन शुद्ध पंचमीस त्र्यंबोली देवीच्या भेटीला पालखी निघते ती उत्सवमूर्तीची, आणि वाटेवर हात जोडणाऱ्या कोल्हापूरकराच्या मनात दुय्यमपणाची शंकाही येत नाही. मूर्ती वीतभर असो वा पुरुषभर, मुखाची लांबी हा एक ताल मानून व त्याची बारा अंगुळे पाडून सर्व अवयव त्या हिशेबाने बसविण्याचा दंडक आपल्या शिल्पशास्त्राने घालून दिला, तो मूर्तीची ओळख आकारमानावर नसून प्रमाणावर आहे हे जाणूनच, असे मला वाटते.

परंतु प्रमाण म्हणजे आंधळी मोजणी नव्हे. चाकाचा लाकडी पॅटर्न करणारा मिस्त्री तो फुटामागे सुमारे अष्टमांश इंच मोठा ठेवतो, कारण बिडाचा रस थिजून निवेपर्यंत तितका आकसतो; त्याच्या पट्टीवरील इंचच मुळी या बेताने वाढवून आखलेले असतात. पॅटर्न साच्याच्या वाळूची कड न मोडता निघावा म्हणून उभ्या बाजूंनाही तो किंचित उतार देतो. अशा रीतीने जाणूनबुजून चुकविलेल्या मापातूनच नेमक्या मापाचे चाक हाती येते. खंडेनवमीस त्या पट्टीला हळदकुंकू वाहिले जाते, ते मला सर्वस्वी उचित वाटते.

म्हणून पोटातील मोटारीला माझी हरकत नाही. ती वजन ओढते, आणि ओढणे हाच एंजिनाचा धर्म. हरकत आहे ती आत ध्वनिक्षेपक दडवून मुद्रित केलेली डिझेलची धडधड ऐकविण्याला. जे ज्वलन तेथे घडतच नाही त्याची ग्वाही तो आवाज देतो, आणि मूर्तीला चालेल एवढी सवलत खोट्या साक्षीला देता येत नाही.