निष्कारण हसावे काय?

कारणावाचून हसणाऱ्यास शहाणी माणसे वेडा म्हणतात. हा समज आपल्या घराघरांत इतका मुरलेला आहे की, सकाळी बागेत वीस-पंचवीस वयस्क स्त्रीपुरुष वर्तुळ करून, हात उंचावून खदखदा हसताना दिसले म्हणजे वाटसरू क्षणभर थबकतो. हास्यक्लब या नावाने हा प्रकार आता सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. त्यापासून प्रकृतीस लाभ किती, हा वैद्यकाचा प्रश्न झाला. परंतु त्यामागे नीतीचाही एक प्रश्न उभा आहे. मनात हर्ष नसता मुखावर हास्य आणणे हे ढोंग नव्हे काय? आणि ज्याच्या घरी नुकताच शोक झाला आहे, त्याने अशा वर्तुळात उभे राहावे काय? या प्रश्नांचा विचार वाचकांपुढे ठेवावा, असे आम्ही योजिले आहे.

प्रथम या क्लबांची जन्मकथा पाहू. १३ मार्च १९९५ रोजी डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईत, अंधेरीच्या लोखंडवाला भागातील एका बागेत, अवघ्या पाच जणांनिशी हा उपक्रम सुरू केला. आरंभी एकेकाने मध्यभागी येऊन विनोद सांगावा व इतरांनी हसावे, असा परिपाठ होता. थोड्याच दिवसांत चांगल्या विनोदांचा साठा आटला. उरले ते ग्राम्य किंवा कोणास तरी बोचणारे विनोद. सभासद नाराज झाले आणि क्लब मोडण्याची वेळ आली. तेव्हा डॉक्टरांनी विनोद वगळला आणि हास्य तेवढे ठेवले. त्यांच्या पत्नी माधुरी योगशिक्षिका असल्याने दीर्घ श्वसनाची त्यास जोड मिळाली. टाळ्यांच्या तालावर ‘हो हो, हा हा हा’, जीभ बाहेर काढून सिंहहास्य, हात जोडून एकमेकांच्या डोळ्यांत पाहत नमस्कारहास्य, असे प्रकार रूढ झाले. १९९८ साली मुंबईत पहिला जागतिक हास्यदिन साजरा झाला. आता तो मे महिन्याच्या पहिल्या रविवारी देशोदेशी पाळतात.

या कथेतील मर्म असे की, विनोद गेल्यामुळे ते वर्तुळ मोडले नाही, उलट टिकले. विनोदाला पुष्कळदा एखादे गिऱ्हाईक लागते. कोणी तोतरा, कोणी कंजूष, कोणाची भाषा निराळी, कोणाची जात निराळी. दहा जण हसतात तेव्हा अकराव्याची मान खाली जाते. मयसभेत भ्रमाने पाण्यात पडलेल्या दुर्योधनास पाहून पांडव व त्यांचे सेवक हसले. ते हसणे त्याच्या मनात सलत राहिले आणि पुढे द्यूताच्या कारस्थानास त्याने खतपाणी घातले. दुर्योधनाचा मत्सर मुळातच होता, हे खरे. पण त्या हसण्याने त्यास निमित्त पुरविले. बागेतील हास्यास कोणी गिऱ्हाईक नसते, हा त्याचा पहिला गुण होय.

आता ढोंगाचा आक्षेप घेऊ. आमच्या मते, दुसऱ्यास फसवून आपला काही लाभ साधण्यासाठी घेतलेले सोंग म्हणजे ढोंग. मालकाच्या नीरस विनोदावर नोकर हसतो, ते ढोंग होऊ शकेल. परंतु बागेतील वर्तुळात आपण हसू ओढूनताणून आणीत आहोत, हे प्रत्येकास ठाऊक असते आणि शेजाऱ्याचेही तसेच आहे, हेही ठाऊक असते. जेथे फसणारा कोणी नाही, तेथे ढोंग कसचे? देवापुढे आपण हात जोडतो, तेव्हा दरवेळी अंतःकरणात भाव दाटलेलाच असतो असे नाही. कित्येकदा हात आधी जुळतात आणि मन मागाहून येते. म्हणून त्या नमस्कारास कोणी खोटा म्हणत नाही.

शिवाय आपण समजतो तितके हास्य विनोदावर अवलंबून नाहीच. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी सार्वजनिक ठिकाणी बोलत असलेल्या माणसांचे निरीक्षण केले. हसण्याच्या लगेच आधीचे बोलणे बहुतेक वेळा अगदी साधे होते. ज्यास विनोद म्हणता येईल असे फारच थोडे. एकट्या माणसापेक्षा सोबतीतला माणूस सुमारे ३० पट अधिक हसतो, असेही त्यांना आढळले. रॉबिन डनबार व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, एकत्र बसून मनमुराद हसलेल्या माणसांची वेदना सोसण्याची शक्ती वाढल्याचे दिसले. शरीरात उत्पन्न होणारी एंडॉर्फिन नावाची वेदनाशामक द्रव्ये यास कारण असावीत, असा त्यांचा तर्क आहे. मात्र हे प्रयोग स्वाभाविक हास्याचे होते, आणलेल्या हास्याचे नव्हेत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. खोटे हास्य व खरे हास्य यांत शरीर भेद करीत नाही, असे क्लबांचे चालक सांगतात. पण या प्रयोगांनी ते सिद्ध होत नाही. अनुभव इतकेच सांगतो की, आणलेले हसू फार वेळ आणलेले राहत नाही. समोरच्याची मुद्रा पाहून ते केव्हा खरे होते, हे कळतही नाही. तथापि औषधाच्या जागी हसणे ठेवू नये. हृदयविकार, वाढलेला रक्तदाब वा हर्निया असणाऱ्यांनी, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी व गर्भवती स्त्रियांनी डॉक्टरांस विचारल्याखेरीज जोराने हसण्याचे प्रकार करू नयेत.

आता सर्वांत कठीण प्रश्न. पन्नास वर्षांचा संसार संपून चार महिने झाले आहेत, अशा माणसास शेजारी म्हणतात, “उद्यापासून बागेत चला.” त्याच्या मनात येते, मी हसलो तर गेलेल्या माणसाशी ती प्रतारणा होईल काय? लोक काय म्हणतील? येथे एक गोष्ट स्पष्ट बोलणे अवश्य आहे. दुःखाची खूण म्हणून हसू बंद ठेवण्याची अपेक्षा आपल्या समाजाने विधुराकडून फारशी केली नाही. विधवेकडून मात्र ती जन्मभर केली. सधवेचेही हसणे माजघराबाहेर जाऊ नये, असाच दंडक होता. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात स्मितापासून अतिहसितापर्यंत हास्याचे सहा प्रकार सांगितले व उत्तम पात्रास मंद स्मित, अधम पात्रास मोठे हास्य नेमून दिले, हे खरे. पण ती योजना रंगभूमीवरील पात्रांची आहे, घरातील सुनांची नव्हे. सत्तरी उलटलेली एखादी आजी चारचौघांत प्रथमच मोकळ्या गळ्याने हसत असेल, तर तिला चळ लागला असे म्हणण्याआधी, इतकी वर्षे तिचे हसू कोणी अडवून धरले होते, हे आपण स्वतःस विचारावे.

हसणे म्हणजे विसरणे नव्हे. ज्याच्यासाठी आपण रडतो, त्याच्याच एखाद्या खोडीची आठवण येऊन दहाव्या-बाराव्या दिवसांतही घरात हसू फुटते, आणि त्यात कोणास गैर वाटत नाही. म्हणून शोकग्रस्ताने वर्तुळात येणे हा दोष नाही, असे आमचे मत आहे. मात्र त्याला “हसा, हसा” म्हणून टोचणे हा निश्चित दोष आहे. त्याने नुसत्या टाळ्या वाजवाव्यात, नुसते उभे राहावे. कोणी कारण पुसू नये. ज्यांची मुले नोकरीनिमित्त दूरदेशी आहेत, अशा वृद्धांना या वर्तुळापासून मिळणारा मोठा लाभ आम्हांस हाच वाटतो की, ते एके दिवशी आले नाहीत तर दहा जणांच्या ते ध्यानात येते, आणि उन्हे वर येण्यापूर्वी कोणी तरी त्यांच्या दाराची कडी वाजवितो.