जुनी बोट, तोच वारा



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ६७.

भगवंत म्हणतात, भटकणाऱ्या इंद्रियांच्या मागे मन लागलं, की ते बुद्धीला ओढून नेतं. पाण्यातल्या नावेला वारा नेतो तसं. आमच्या रोहण्याहून समुद्र कितीतरी दूर. पण हा दृष्टांत नीट कळायला शिडाची बोट समजून घ्यावी लागते.

वारा बोटीचा शत्रू नाहीच. वाऱ्याशिवाय ती हलणार कशी? शीड वारा पकडतं, तळाचा जड कणा, म्हणजे कील, तिला आडवं घसरू देत नाही आणि सुकाणू दिशा देतं. हे तिन्ही धड असलं, की वारा समोरून आला तरी बोट नागमोडी वाटेने पुढे जाते. सुकाणू निखळलं, की तोच वारा तिला खडकावर नेतो.

आता जुनी, वापरलेली छोटी बोट घेणाऱ्याचं बघा. हौस असते नव्या शिडाची, जीपीएसची. जाणकार मात्र आधी तिला पाण्याबाहेर काढतो. हातोडीने तळ ठोकून बघतो. बद्द आवाज आला, तर आत काहीतरी सुटलंय किंवा कुजलंय. कीलचे बोल्ट गंजलेत का, सुकाणू हलतंय का, तेही तपासतो. शीड शेवटी. कारण कमजोर बोटीला मोठं शीड लावलं, तर ती लवकर उलटते.

आपलं मनही सेकंड-हँडच आहे ना? जुने संस्कार, जुन्या वासना घेऊन आलेलं. नवं मागवता येत नाही. आणि आपण काय करतो? नवं जप-अॅप, नवा संकल्प, अजून एक पारायण. शिडावर शीड! पण रात्री दोन वाजता फोन खाली ठेवायचं ठरवणारी बुद्धी, तेच सुकाणू, ते ढिलंच.

जुनं म्हणजे टाकाऊ नव्हे. १९८५ ते १९८७ मध्ये भारतीय लष्कराच्या कोअर ऑफ इंजिनिअर्सच्या पथकाने ३७ फुटी शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. बोट होती इंग्लंडात घेतलेली, वापरलेली. नाव काय? ‘तृष्णा’! तृष्णेलाही सुकाणू मिळालं, तर ती जग फिरून घरी येते.

याच श्लोकावर ज्ञानेश्वर माऊली एक सावधगिरी सांगतात : किनाऱ्याला लागत आलेली नाव वादळात सापडली, तर टळलेलं संकट पुन्हा गाठतं. दर्यावर्दीही हेच सांगतात, खडक किनाऱ्यापाशीच असतात. सहा महिने व्यसन सुटलेल्या माझ्या भावाबहिणींनो, ‘आता काय होतंय’ हा विचार आला, की समजा, किनारा जवळ आहे. सुकाणू सोडू नका.

आजची साधना : वारा थांबावा अशी प्रार्थना नको. पाच मिनिटं शांत बसा आणि स्वतःलाच ठोकून बघा, बद्द आवाज कुठून येतोय? आज तेवढीच एक जागा दुरुस्त करायची.

राम कृष्ण हरी.