देणे आणि येणे

स्पॅनिश शिकू लागलेल्याला 'देबेर' हा शब्द फार लवकर भेटतो. क्रियापद म्हणून त्याचा अर्थ देणे लागणे. तसेच एखादी गोष्ट करावीच लागणे. त्याच्या आधी 'एल' हे उपपद ठेवले की तोच शब्द नाम होतो: कर्तव्य. अनेकवचनात गेला की शाळकरी मुलांचा गृहपाठ. 'पोदेर' म्हणजे शकणे आणि 'एल पोदेर' म्हणजे सत्ता, हेही त्यातलेच. इंग्रजीच्या वाटेने आलेला विद्यार्थी इथे अडखळतो. मराठीच्या वाटेने येणाऱ्याला खरे तर अडखळायचे कारण नाही.

कारण आपणही हेच करतो. 'गाणे गाणे सोपे नाही' या वाक्यात पहिले गाणे नाम आहे, दुसरे क्रिया. उपपद आपल्याकडे नाही, म्हणून नामाची खूण दुसरीकडे शोधावी लागते. ते मोजता येते, त्याला विशेषण जोडता येते: तीन गाणी, जुने गाणे. खाणे, जगणे, वागणे, सगळ्यांचे असेच. संस्कृतात मात्र 'दातुम्' हे रूप अव्यय. त्याला विभक्ती लागत नाही. 

रूप सारखे दिसले म्हणून नाते असतेच असे नाही. महाडजवळच्या गांधारपाले येथील लेणे आणि काजळ लेणे यांचा एकमेकांशी संबंध नाही. डोंगरातले लेणे 'लयन' या संस्कृत शब्दातून, प्राकृत 'लेण'मधून आले. अंगावर घालायचे लेणे मात्र 'लेणे' या क्रियापदाचेच. स्पॅनिशमध्येही 'बीनो' म्हणजे द्राक्षाची दारू आणि 'बीनो' म्हणजे 'तो आला'. तिथेही केवळ योगायोग. 'देबेर' असा नाही. तिथे क्रियाच नाम होऊन बसली आहे.

आणि त्या बाबतीत मराठीचे 'देणे' त्याला अगदी शोभते. 'मी त्याचे शंभर रुपये देणे लागतो' आणि 'मला जावे लागते': कर्ज आणि सक्ती या दोन्हींसाठी आपण एकच 'लागणे' वापरतो, जसा स्पॅनिश माणूस एकच 'देबेर'. हिशेबाच्या वहीत तर हे साम्य आणखी पुढे जाते. स्पॅनिश खतावणीच्या दोन बाजू 'देबे' आणि 'आबेर'. पहिल्याचा मूळ अर्थ 'तो देणे लागतो', दुसऱ्याचा 'असणे, जवळ बाळगणे'. आपल्याकडे व्यापारी म्हणतो, माझे इतके येणे आहे, इतके देणे आहे. म्हणजे दोन्हीकडे हिशेब क्रियापदांनीच मांडला जातो. 'येणे' या शब्दाचे मला विशेष वाटते. पैसा अजून आलेला नाही, येईलच याची खात्री नाही, तरी वहीत तो 'येणे' म्हणून ऐटीत बसलेला असतो.

नाम झालेल्या क्रियेची खरी अडचण हीच. ते ऐकताना काम झाल्यासारखे वाटते.

याचे मोठे उदाहरण नाते गावच्या एका माणसाच्या आयुष्यात सापडते. महाडहून रायगडाकडे निघाले की वाटेत नाते लागते. चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म इथला, 14 जानेवारी 1896चा. 1912च्या मॅट्रिकला ते पहिले आले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनी मिळवली, पुढे 'मेघदूत' मराठीत आणले. 1943 साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. तेव्हा दुसरे महायुद्ध चालू होते. ब्रिटन भारतात माल आणि सेवा घेत होते आणि मोबदल्याचे पौंड लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या नावावर साठत होते. त्यांच्या आधारावर इथे रुपये छापले जात, महागाई इथे वाढे. भारताचे येणे आणि ब्रिटनचे देणे, दोन्ही वाढत चालले होते. युद्ध संपेपर्यंत ते शंभर कोटी पौंडांच्या पुढे गेले.

जुलै 1944मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्सला 44 देशांची परिषद भरली. भारताच्या शिष्टमंडळात देशमुख होते. आपल्याला येणे असलेल्या पौंडांपैकी काही भाग तरी नव्या नाणेनिधीमार्फत इतर चलनांत बदलून मिळावा, अशी भारताची मागणी होती. ती मान्य झाली नाही. संबंधित देशांशी ब्रिटन स्वतंत्रपणे व्यवहार मिटवील, असे ब्रिटनच्या वतीने अर्थतज्ज्ञ केन्स यांनी सांगितले. देणे कोणी नाकारले नाही; फक्त देण्याचे वेळापत्रक ठरले नाही. नाम मान्य झाले, क्रियापद लांबणीवर पडले.

पुढे 1947 आणि 1948च्या करारांनी ही रक्कम टप्प्याटप्प्याने मोकळी होऊ लागली. 1950 ते 1956 देशमुख अर्थमंत्री होते. उरलेले पौंड पुढे पंचवार्षिक योजनांसाठी लागणाऱ्या यंत्रसामग्रीच्या आणि इतर मालाच्या आयातीत खर्ची पडले.