मला विचाराल तर

मत ही एकच वस्तू माझ्याकडे जन्मभर शिल्लक राहिली. पैसे राहिले नाहीत, रजा राहिली नाही, डोक्यावरचे केस तर चाळिशीच्या आतच संपले. मत मात्र मागायच्या आधी हजर. डोंबिवलीहून ३६ वर्षं लोकलने कचेरीत गेलेल्या माणसाचं दुसरं काय होणार? गाडीत बसायला जागा मिळत नाही, पण मत द्यायला मिळते. क्रिकेट, पावसाळा, अर्थसंकल्प, शेजारच्या डब्यातल्या भजनी मंडळाचा ताल... कशावरही बोला. विषय माहीत असलाच पाहिजे अशी अट रेल्वेने कधी घातली नाही.

असा मी लॉस एंजलिसला मुलाकडे राहायला गेलो होतो. एका रविवारी नातवाने माझ्या कानांवर हेडफोनच्या दोन वाट्या पालथ्या घातल्या, तासभर मला तसंच बसवलं आणि मग वाट्या काढून विचारलं, "आजोबा, तुला काय वाटलं?" (मराठीतलं आदरार्थी बहुवचन पॅसिफिक ओलांडताना सामानातून गहाळ झालेलं आहे. माझी तक्रार नाही.) आणि आयुष्यात पहिल्यांदा मला मत सुचेना.

मी काय ऐकलं ते आधी सांगतो. 'क्लिपिंग.' नावाची त्रयी आहे, त्याच शहरातली. नावाच्या शेवटी पूर्णविराम आहे आणि तो नावाचाच भाग आहे. दोघे जण आवाज तयार करतात, तिसरा बोलतो. रॅप म्हणजे बोलणंच. पण आपला निवेदक बातम्या देतो तसं नव्हे, तर चौथी सीट मिळालेला माणूस स्टेशन यायच्या आत सगळी हकिगत सांगून टाकतो तसं. हा बोलणारा दवीद डिग्ज. 'हॅमिल्टन' या संगीत नाटकातल्या कामासाठी त्याला २०१६ साली टोनी पारितोषिक मिळालं होतं, म्हणजे गृहस्थ साधा नाही. मी ऐकला तो अल्बम २०१९च्या ऑक्टोबरमधला. नाव 'देअर एक्झिस्टेड ॲन ॲडिक्शन टू ब्लड'. रक्ताचं व्यसन! सूनबाईंचं मत नावावरच थांबलं होतं. "बाबा, दिवेलागणीच्या वेळी घरात लावू देऊ नका," एवढंच त्या म्हणाल्या.

आत सगळा भीतीचा कारभार. एका गाण्यात घराला पोलिसांचा वेढा पडतो आणि पियानोचा सूर टाचणीसारखा टोचत राहतो. दुसऱ्या एका गाण्यात ठेका असा नाहीच. रस्त्यावरून मोटारी जातात आणि त्यांच्या आतल्या गाण्याचा ठेका जवळ येतो, लांब जातो. हे मात्र मला कळलं. डोंबिवलीत आमच्या खिडकीखालून लग्नाच्या वराती अशाच जायच्या. नातू म्हणाला, यांनी २०१४ साली गजराच्या घड्याळाच्या आवाजावर अख्खं गाणं उभं केलं होतं. गजर वाजताना झोपायची कला मला साधलेली आहे, गाण्याची कुणाला साधली असेल हे माझ्या कल्पनेपलीकडचं होतं.

दुपारी नातवाचे तीन मित्र आले. पोह्यांच्या बशा रिकाम्या होईपर्यंत याच अल्बमवर वाद. एक जण म्हणाला, हे संगीत नाही, हा नुसता आवाज आहे. दुसरा म्हणाला, मला याच्याइतकं खरं गेल्या दहा वर्षांत काही वाटलंच नाही. त्यांच्यातली मुलगी म्हणाली, मला आवडतं, पण मी दिवा लावून ऐकते. पुन्हा पहिला म्हणाला, मला भीती वाटली नाही, मला कंटाळा आला. मला, मला, मला! मुलं इंग्रजीत भांडत होती, पण पंगतीत जिलबी फिरावी तसं चाललं होतं.

आणि याच वेळी नातवाने मला हळूच एक गोष्ट सांगितली, तेव्हापासून माझी झोप थोडी कमी झाली. या मंडळींनी स्वतःवर एक नियम घालून घेतलाय म्हणे: बोलणाऱ्याने 'मी' म्हणायचं नाही. रॅप म्हणजे मीपणाचा महोत्सव, अशी माझी ऐकीव समजूत. माझी गाडी, माझी साखळी, माझे शत्रू. आणि हा गृहस्थ खून सांगतो, पाठलाग सांगतो, पण 'मी' नाही. तू आहे, तो आहे, ती आहे. आपल्या संतांनी इतकी शतकं ज्यासाठी घसा कोरडा केला, ते याने रक्ताच्या व्यसनात करून दाखवलं!

मराठीत ही युक्ती चालणार नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवतो. आपण 'मी' गाळला तरी 'आलो, गेलो, जेवलो' यांच्या शेपटीत तो बसलेलाच असतो.

तर, ज्या गोष्टीतून सांगणाऱ्याने स्वतःला वजा केलं, तिच्याबद्दल ऐकणारे बोलतात ते फक्त स्वतःबद्दल. मग मत नावाची चीज कशाबद्दल असते? समोरच्या वस्तूबद्दल की माझ्याबद्दल? "भाजी खारट आहे" हे भाजीबद्दल झालं. "मला नाही आवडली" हे माझ्याबद्दल. पण स्वयंपाकघरात ऐकू जातं ते भाजीबद्दलही नाही आणि माझ्याबद्दलही नाही. ते जिने केली तिच्याबद्दल ऐकू जातं. हा मतातला तिसरा माणूस. त्याचा विचार लोकलमध्ये करावा लागत नाही, कारण अर्थमंत्री आपल्या डब्यात नसतात.

संगीताच्या बाबतीत माझा इतिहास तसा उजळ नाही. मैफलीत मी समेच्या आधी एक मात्रा "वा!" म्हणालेलो आहे, आणि शेजारच्या धोतरवाल्या जाणकाराने ते ऐकून घाईघाईने मान डोलावलेली मी पाहिली आहे. असली खोटी मतं निरुपद्रवी. गायकाला बरं वाटतं, चहा गरम मिळतो. माझ्या हातून जे झालं ते खऱ्या मतामुळे झालं.

१९८७ साल. मुलगा पंधरा वर्षांचा. त्याने पैसे साठवून कुणाकडून तरी जुनी गिटार आणली होती आणि गॅलरीत बसून रोज संध्याकाळी काहीतरी खाजवल्यासारखं वाजवायचा. एके दिवशी गाडी पाऊण तास वाटेतच उभी होती. घरी आलो, चपला काढल्या आणि म्हणालो, "हे संगीत नाही रे, हा नुसता आवाज आहे." बस. ओरडलो नाही, बंदी घातली नाही. मत दिलं. जसं गाडीत देतो तसं दिलं. काही दिवसांनी गिटार घरात नव्हती. किती दिवसांनी ते माझ्या लक्षात आलं, हेसुद्धा मला आज सांगता येत नाही. मुलगा पुढे इंजिनीअर झाला, अमेरिकेला आला, सगळं उत्तम. त्याच्या मोटारीत मी कधी गाणं ऐकलेलं नाही. रहदारीच्या बातम्या असतात.

त्या रविवारी तेच वाक्य पोह्यांची बशी हातात धरलेल्या एका पोराच्या तोंडून इंग्रजीत आलं. नातू हसला, "चूप बस" म्हणाला आणि वाद पुढे चालू राहिला. म्हणजे वाक्यात विष नव्हतं. बापाच्या तोंडून आलं, एवढाच फरक.

मित्र गेल्यावर नातू पुन्हा समोर. "सांग ना, आजोबा." 'छान आहे' म्हणावं तर खोटं. 'नाही आवडलं' म्हणावं तर खरं. पण खरं बोलल्याची पावती मी एकदा घेतलेली आहे. मी म्हटलं, "शेवटचं तेवढं राहिलंय ना? ते लाव. वाट्या नकोत, खोलीत लाव."

शेवटचं 'पियानो बर्निंग'. अठरा मिनिटं. यात बोलणं नाही, काही नाही. एक पियानो जळतो त्याचा आवाज. मूळ कल्पना ॲनिया लॉकवुड या न्यूझीलंडच्या संगीतकार बाईंची. १९६८ साली त्यांनी लंडनमध्ये पियानो पेटवला होता. नातवाच्या मित्रांपैकी एकाच्या हिशेबी अल्बम याच्या आधीच संपतो, तो हे लावतच नाही. मला तर ऐकूनच कसंतरी झालं. दसऱ्याला पेटीला झेंडूचं फूल वाहणारे आपण. पेटीला पाय लागला तर हात जोडतो. नातू म्हणाला, "आजोबा, दुरुस्त न होणाराच पियानो घ्यायचा, असा त्यांचा नियम आहे." मी गप्प बसलो. दुरुस्त न होणाऱ्याला आपणही शेवटी तेच करतो.

आम्ही दोघे बसून ऐकत होतो. लाकूड तडतडत होतं. मला बंब आठवला, नातवाला काय आठवत होतं कोण जाणे. तेवढ्यात मुलगा बाजार करून आला. दोन्ही हातांत पिशव्या, तोंडात मोटारीची किल्ली. दारातच थांबला. आत कुठेतरी 'टण्ण' झालं.

त्याने किल्ली हातात घेतली. "खर्जातली होती," तो म्हणाला.

"काय?" नातवाने विचारलं.

"तार. तुटली ती. जाड होती." आणि मग माझ्याकडे न बघता, "अजून किती आहे?"

"अकरा मिनिटं."

त्याने पिशव्या होत्या तिथेच खाली ठेवल्या आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसला. एका पिशवीत आइस्क्रीम होतं. ते कुणीच उचललं नाही.